शोभेचा कांदा

इंदुमतीबाई मोघ्यांचा हात आधी अंबाड्याकडे गेला आणि मग नाकाकडे. मधे फार तर एक श्वास गेला असेल, पण सुहासिनीला तो श्वास पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिला. रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं, संक्रांतीच्या मोसमातलं शेवटचं. ओसरीवर जाजम अंथरलेलं, ताटात तिळगूळ आणि बोरं, आणि बाजूला पितळी परातीत पाण्यावर ठेवलेली जांभळी फुलं. ती फुलं तिनं त्या सकाळी पहिल्यांदाच कापली होती. एकेका उंच दांड्यावर एकेक चेंडू, कुठला लिंबाएवढा, कुठला मोसंब्याएवढा. आणि जवळ जाऊन पाहिलं तर चेंडू नाहीच, बारीक चांदण्यांचा घोळका, प्रत्येक चांदणी आपापल्या काडीवर उभी. बायकांना वाणाबरोबर तिनं तीच वाटली आणि बायकांनी ती हौसेनं माळली. इंदुमतीबाईंनी सगळ्यांत मोठं निवडलं. ते साहजिकच होतं. सुहासिनीचे यजमान ज्या खात्यात कारकुनी करत त्या खात्याचे सेक्रेटरी म्हणजे इंदुमतीबाईंचे यजमान. निघताना पायरीवर थांबून त्यांनी सहज विचारलं, "पण हे आहे काय? विलायती दिसून राहिलं काहीतरी."

"कांदा," सुहासिनी म्हणाली. "शोभेचा कांदा."

दुसऱ्यांदा सांगताना जोडलेला तो 'शोभेचा' कोणाच्या कानापर्यंत पोचलाच नाही. अंबाड्यातून फूल निघालं, बोटं नाकाशी आली. फुलाला स्वतःला मधासारखा पुसट वास होता, पण कापलेल्या दांड्याचा वास बोटांना लागणारच. फूल पायरीखालच्या मोरीत पडलं. इंदुमतीबाई रागावल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणून त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं आणि सुहासिनीनं ते त्यांच्या हातावर घातलं, आपल्याच दारात, वाकून. मग एकेक करून बाकीच्या बायकांनीही केसांतली फुलं काढली. कोणी परातीत परत ठेवली, कोणी भिंतीकडेला, तुळशीपासून लांब. एकीनं मात्र पदराच्या आत लपवून नेलं. ते सुहासिनीनं पाहिलं आणि तिला मोरीतल्या फुलापेक्षा त्याचाच जास्त राग आला. ओसरी रिकामी झाल्यावर ती आपल्यात शरम शोधत उभी राहिली. कमरेच्या किल्ल्या चाचपाव्या तशी तिनं ती चाचपली. सापडली नाही. तिथं दुसरंच काहीतरी होतं, कढत आणि टणक, आणि ते बऱ्याच वर्षांपासून तिथं असावं असं तिला वाटलं.

एलियम म्हटलं असतं तर? तो शब्द तिला येत होता. महूला तिचे वडील पांडुरंगपंत मुनशी होते, पलटणीतल्या साहेबांना आणि त्यांच्या मडमांना हिंदुस्तानी शिकवायचे. लहानपणी ती त्यांच्याबरोबर बंगल्याबंगल्यांतून जायची, आणि वडील आत 'मैं जाता हूँ, मैं जाती हूँ' घोकून घेत तेव्हा ती बाहेर व्हरांड्यात बसून असायची. त्यातल्या पेरीबाईंना शिकण्यापेक्षा मातीत बसणं आवडायचं, म्हणून त्यांची शिकवणी बागेतच चाले. फ्रॉकचे गुडघे मातीनं भरलेले, हातात मोजे नाहीत, समोरच्या वाफ्यात हीच जांभळी फुलं, आणि हाताला तो वास. बेअरा साबण घेऊन आला की पेरीबाई त्याला हातानंच परत पाठवायच्या. एकदा पांडुरंगपंतांनी संकोचत विचारलं होतं की मेमसाब, इतकं सुंदर फूल आणि नाव असं, दुसरं काही नाव नाही का याला. तेव्हा बाईंनी पुस्तकातलं ते एलियम सांगितलं, आणि मग आपल्या तुटक्या हिंदुस्तानीत म्हणाल्या, "लेकिन है प्याज. प्याज को प्याज बोलने में क्या शरम." वडील हसले होते. सोळा वर्षांची ती, तेव्हाची शशिकला, हसली नव्हती. तिनं ते वाक्य गिळून ठेवलं होतं. पुढं देश स्वतंत्र झाला आणि पेरीबाई जायला निघाल्या तेव्हा ती माहेरी आली होती. निरोप घ्यायला गेली तर बाईंनी रुमालाच्या गाठीत काळं, टोकदार बी बांधून दिलं, अगदी कलौंजीसारखं, आणि वेळापत्रक सांगावं तसं त्याचं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, शशी, लगाएगी ना? तिनं सांगितलं की आता नाव सुहासिनी आहे, लग्नात बदललं. "तो पुराना नाम किधर गया?" त्यांनी विचारलं. लग्नाच्या दिवशी तांदळात सोन्याच्या अंगठीनं कोणीतरी दुसरं नाव लिहिलं आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले, एवढंच तिला माहीत होतं. त्याच सुमाराला होळकरांचं राज्य गेलं आणि मध्यभारत झालं. श्रीपाद, तिचा नवरा, कचेरीतून येऊन म्हणाला, खुर्ची तीच, टेबल तेच, फक्त पाटी बदलली. तो ते गमतीनं म्हणाला होता.

बी तिनं दिवाळीनंतर पेरलं. पसरट कुंडीत, वाळू आणि कुजलेलं शेणखत. कितीतरी दिवस काहीच नाही, आणि मग एका सकाळी हिरवे दोरे, केसांतल्या आकड्यासारखे दुमडलेले, टोकावर बियाची काळी टोपी तशीच अडकलेली. गवत. पहिल्या वर्षी गवत, दुसऱ्या वर्षी जरा जाड गवत. मोलकरणीनं एकदा ते गवत समजूनच अर्धं उपटलं. माळव्याची काळी माती पाणी धरून बसते, आणि या कंदांना पाणी साचलं की संपलं, हे तिला पहिल्या पावसाळ्यात कळलं. उकरलं तेव्हा बोटांना कंदाऐवजी चिखलासारखा लगदा लागला होता. उरलेल्या थोड्यांसाठी तिनं सरकारी क्वार्टरच्या पुढच्या अंगणात, जिथं दिवसभर ऊन असे, मुरूम आणि खान नदीची वाळू घालून हातभर उंच वाफा केला. पात वाळली की कंद काढायचे, सावलीत सुकवायचे, जुन्या मच्छरदाणीच्या पिशवीत घालून पावसाळाभर बाहेरच्या जळाऊ लाकडांच्या खोलीत टांगायचे, दसरा झाला की परत मातीत. घरात नेण्याचा प्रश्नच नव्हता. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत कांदा कधी आला नव्हता. श्रीपाद मित्रांबरोबर बाहेर भजी खाऊन यायचा आणि दारात बडीशेप चावायचा, ते त्याच्या आईला माहीत होतं आणि ते माहीत असल्याचं कोणी बोलत नव्हतं. सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, लाकडाच्या खोलीतल्या पिशवीबद्दल एकदाच विचारलं होतं. "कंद आहेत फुलांचे," ती म्हणाली होती, आणि ते खरंही होतं.

मूल झालं नव्हतं. त्यावरून बायका तिच्या वाफ्याचा अर्थ लावत, हे तिला ठाऊक होतं. बिचारी, जीव रमवते कशात तरी. त्या 'बिचारी'चा तिला जितका संताप यायचा तितका कशाचाच यायचा नाही. चार मुलं असती तरी तिनं हा वाफा केलाच असता. मुलांना चिखलाच्या पायांनी बाजूला बसवून केला असता. फुलं कशाच्या जागी आलेली नव्हती. ती फुलं होती. मागच्या हिवाळ्यात पहिलं एकुलतं एक उमललं आणि ते तिनं एकटीनं पाहिलं, कारण श्रीपाद नव्हता. सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला जायचं आणि उन्हाळ्यात इंदूरला यायचं. फायली, टंकयंत्रं, कारकून, सगळं गाडीत भरून. दिवाळीनंतर तो गेला की चैत्रात यायचा, आणि तोपर्यंत वाफ्यात पिवळी पडत चाललेली पात तेवढी राहायची. पाच वर्षं त्यानं तेवढंच पाहिलं होतं. "काय तुझं ते गवत," तो म्हणायचा, प्रेमानंच. या वर्षी सबंध वाफा फुलला होता. दांड्यांच्या टोकांवरचे पापुद्रे फाटले, आत जांभळं दिसलं, आणि तिला वाटलं की हे आता एकटीनं बघण्यासारखं राहिलेलं नाही. म्हणून तर ती परात भरली होती.

त्या संध्याकाळी द्वारकाबाई माजघरातून बाहेर आल्या, परातीतली परत आलेली फुलं बघत उभ्या राहिल्या. त्या दुष्ट नव्हत्या. नवऱ्यामागं त्यांनी श्रीपादला एकटीनं वाढवलं होतं, सुनेला कधी माहेरावरून बोलल्या नव्हत्या, तपकिरीखेरीज त्यांना कसलं व्यसन नव्हतं.

"मला कंद म्हणालीस," त्या म्हणाल्या.

"कंदच आहे. कांदाही कंदच."

"शब्दांत नको पकडूस. इतकी वर्षं माझ्या दारात कांदा लावून राहिलीस तू. उद्या काढून टाक."

"नाही काढणार, आई."

द्वारकाबाईंनी मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून सुहासिनी त्यांना 'नंतर करते' म्हणाली होती, 'विसरले' म्हणाली होती, गप्पही बसली होती. 'नाही' हा शब्द त्या ओसरीवर नवाच होता. मग द्वारकाबाई आत गेल्या, आपली शेगडी मागच्या पडवीत नेली आणि स्वतःपुरता भात शिजवला. दुसऱ्या दिवशीही. सुहासिनीनं स्वतः रांधलं, एकटीनं खाल्लं, आणि दोन्ही जेवणांची भांडी एकाच मोरीवर शेजारी शेजारी पडली.

बातमी ग्वाल्हेरला पोचायला वेळ लागला नाही. एका सकाळी दाराशी टांगा थांबला आणि श्रीपाद वळकटी घेऊन उतरला, डोळे गाडीच्या कोळशानं लाल झालेले. फाटक उघडून तो दोन पावलं आत आला आणि थांबला. ऊन नुकतंच वाफ्यावर आलं होतं. दांडे सरळ उभे होते, त्यांवर ते जांभळे गोल, आणि भोवती इतक्या मधमाश्या की सगळा वाफाच बारीक आवाजात गुणगुणत होता. वळकटी त्याच्या हातातच राहिली.

"हे होय ते?" तो म्हणाला.

"हे."

"आणि मी गवत म्हणत होतो." तो वाकला, एका फुलाखाली तळहात धरून बघत राहिला. त्याचा चेहरा लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातल्यासारखा झाला होता, आणि सुहासिनीला वाटलं, झालं, आता काही सांगायला नको. इतक्या वर्षांत ती त्याच्याकडून हेच मागत होती, त्यानं फेब्रुवारीत एकदा घरी असावं. मग तो सरळ झाला आणि हात रुमालाला पुसत म्हणाला, "फार मस्त आहेत. म्हणूनच सांगतो, ऐक. आपण याला लिली म्हणायचं."

त्यानं गाडीत सगळा विचार केला होता. नोकऱ्यांचं एकत्रीकरण चाललं होतं; होळकरांकडले लोक, शिंद्यांकडले लोक, कोणाला कुठल्या ग्रेडमध्ये बसवायचं ते ठरत होतं, आणि त्याच्या नावापुढं सही मोघेसाहेबांची व्हायची होती. साहेब त्याला कचेरीत हसून म्हणाले होते, काय आठल्ये, तुमच्याकडे वाणात कांदा लुटतात म्हणे. हसून म्हणाले, पण सगळ्यांसमोर. "तू चेष्टेत कांदा म्हणालीस, असं सांगायचं. विलायती लिली आहे म्हणायचं. बस, खतम. फुलं राहतात, वाफा राहतो, आईही जेवते. कुणाचं काय बिघडलं?"

"लिली नाही ती."

"कोणाला कळतंय? साहेबाच्या बंगल्यातली फुलं सगळी लिलीच असतात लोकांच्या लेखी. एका शब्दासाठी अडून बसणार तू?"

"तुम्हीही एका शब्दासाठीच आलात ना, इतक्या लांबून?"

तो आत गेला. अंघोळ करून, इस्त्रीचा कोट घालून मोघ्यांकडे गेला आणि दुपारी शीळ घालत परत आला. बात करून आलो, म्हणाला. इंदुमतीबाई खूप हसल्या म्हणे. गुरुवारी लिली बघायला येणार आहेत. आईलाही त्यानं सांगितलं, तिच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन. आणि द्वारकाबाईंनी इतक्या चटकन विश्वास ठेवला की सुहासिनीला त्यांची कीव आली. त्यांना विश्वास ठेवायचाच होता. शेगडी पडवीतून आत आली. संध्याकाळी तिघं एका पंगतीला बसली, द्वारकाबाईंनी सुनेच्या हातची आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाल्या, "उगीच माझ्या जिवाला घोर लावलास पोरी. लिली आहे तर लिली म्हणायचं ना." घर इतकं हलकं झालं होतं की कोणी रेडिओ लावल्यासारखं वाटत होतं. सुहासिनी बसल्या जागेवरून वाढत होती. वाढताना तिला वाटलं की भांडण सोपं असतं. भांडणात आपण कुठं उभे आहोत ते तरी कळतं. हे असं चहूकडून ऊबदार पांघरूण घातल्यावर माणसानं कुठून बाहेर पडावं? बरं, गप्प राहिलं तर खरंच कुणाचं काय बिघडतं? वाफा राहतोय. दर वर्षी फुलेल. सेक्रेटरीणबाई दर वर्षी लिली बघायला येतील. आणि ती दर वर्षी, सुहासिनी या नावाला ओ देता देता, त्यांना एकेक लिली तोडून देईल.

सकाळी द्वारकाबाई परडी घेऊन अंगणात गेल्या. स्वयंपाकघराच्या दारातून सुहासिनीला देवघर दिसायचं. दूध उतू जाऊ नये म्हणून ती उभी होती आणि तिचं लक्ष गेलं तेव्हा द्वारकाबाई पाटावर बसून बाळकृष्णापुढं फूल ठेवत होत्या. फूल देवापेक्षा मोठं होतं. त्या ते नीट टेकवायला बघत होत्या, ते कलंडत होतं, त्या पुन्हा टेकवत होत्या, चिमुकल्या पितळी पायांशी. वर्षानुवर्षांच्या तपकिरीनं त्यांचं नाक बधिर झालं होतं. त्यांना वास यायचा नाही. त्यांच्या पाठीला थोडा बाक आला होता आणि पदर मानेवरून घसरला होता. सुहासिनीला स्वतःला त्या फुलात विटाळ दिसत नव्हता, देवाला त्याचं काही वाटेल असंही तिला वाटत नव्हतं. पण त्यांना वाटत होतं. ती सुरकुतलेली बोटं जे करत होती ते सगळं विश्वासानं करत होती, आणि त्या विश्वासाखाली खड्डा खणून ठेवलेला होता. तिनं दूध उतरवलं.

"आई, तो कांदाच आहे."

ओसरीवर आरशापुढं श्रीपाद दाढी करत होता. वस्तरा थांबल्याचं तिला न बघता कळलं. द्वारकाबाईंनी मागं वळून पाहिलं नाही.

"श्रीपाद लिली म्हणाला."

"ते खरं नव्हतं."

मग द्वारकाबाईंनी फूल उचललं, परडीत टाकलं, परडी दूर सारली आणि एकेक देव ताम्हनात घेऊन पुन्हा स्नान घालायला सुरुवात केली. सगळे देव पुसून जागेवर बसवले. श्रीपाद अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून दारात येऊन उभा होता.

"आई, अगं देवाला काय..." तो म्हणाला आणि थांबला.

"देवाला काय ते देव बघेल," द्वारकाबाई म्हणाल्या. "मला तू सांगितलंस. माझा हात हातात घेऊन सांगितलंस." मग सुनेकडे न बघता, "आणि तू. ते उपटून टाक."

"नाही, आई."

"बरं." त्या उठल्या आणि शेगडी परत पडवीत गेली. या वेळी त्यांनी श्रीपादलाही वाढलं नाही.

गुरुवारी इंदुमतीबाई यायच्या होत्या. श्रीपादनं रजा वाढवून घेतली. सकाळपासून तो तिच्याभोवती येऊन जाऊन राहिला, काही बोलावं आणि बोलू नये असा. शेवटी म्हणाला, "तू फक्त गप्प बस. बोलायचं ते मी बोलीन. कोणी विचारणारसुद्धा नाही तुला." आणि खरंच कोणी विचारलं नाही. इंदुमतीबाई टांग्यातून उतरल्या, वाफ्याभोवती एक फेरी मारली, मनापासून बघितलं. त्यांना फुलांतलं कळत होतं, हे त्यांच्या बघण्यातच दिसत होतं. पात टोकाकडून पिवळी पडू लागलेली त्यांनी हेरली आणि पाणी कमी पडतंय का म्हणून विचारलं. श्रीपाद म्हणाला, हो ना, विलायती लिलीचं असंच असतं. सुहासिनी पायरीवर उभी होती. बोलायची सोय होती तशी गप्प राहायचीही होती, कारण प्रश्न कुणी केलाच नव्हता. त्या दिवशी तिला विचारलं म्हणून तिनं सांगितलं होतं. आज न विचारता सांगावं लागणार होतं, आणि ते वेगळं होतं, ते पाण्यात स्वतःहून उतरण्यासारखं होतं. ती पायरी उतरली.

"बाई," ती म्हणाली, "पाणी कमी नाही. फुलताना याची पात अशीच वाळत जाते. आणि ही लिली नाही. मी त्या दिवशी सांगितलं तेच आहे."

श्रीपादनं डोळे मिटले. इंदुमतीबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"मला माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "कांद्याची पात ओळखत नाही का मी? तुमचे मिस्टर एवढे सांगायला आले, मी हसले, हो म्हटलं. सगळ्यांचं निभून राहिलं होतं. आता तुम्ही परत तेच म्हणता. मी काय करायचं आता?"

सुहासिनीला हे अपेक्षित नव्हतं. म्हणजे कोणीच फसलेलं नव्हतं. खोटं सांगायला नवरा कोट घालून गेला होता आणि ते खोटं आहे हे ठाऊक असणाऱ्या बाईनं ते नजराण्यासारखं ठेवून घेतलं होतं. तिच्या पोटातलं ते टणक, कढत आता वर आलं, आणि आश्चर्य म्हणजे आवाज मात्र सरळच निघाला.

"काही करू नका. फूल आहे, बघा. आवडलं तर आवडलं म्हणा."

इंदुमतीबाईंचा चेहरा जरा वेळ रिकामा झाला. असं त्यांना बऱ्याच वर्षांत कोणी म्हणालं नसावं. त्या वाफ्याकडे पुन्हा वळल्या, क्षणभर वाटलं की काहीतरी म्हणतील. मग पदर सावरून फाटकाकडे निघाल्या. "येते मी, आठल्ये," त्या म्हणाल्या, फक्त श्रीपादला.

श्रीपाद ओरडला नाही. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला निघताना, वळकटी टांग्यात टाकल्यावर, तो म्हणाला, "तुला काय मिळालं यातून?" मग तो टांग्यात चढला. "माझं काय गेलं ते तर कळतंय," तो म्हणाला. ते तिला लागलं. तो वाईट नव्हता. आयुष्यभर वाकून त्यानं या घरावर छप्पर ठेवलं होतं, आणि तिच्या ताठपणाची किंमत त्याच्या नावापुढं लिहिली जाणार होती. हे तिनं टाळलं नाही, त्याच्याकडे बघत उभी राहिली. पण टांगा वळणावरून दिसेनासा झाल्यावर ती पुन्हा आत शरम शोधायला गेली नाही. वाफ्यात बसून तिनं तण काढलं.

चैत्रात श्रीपादच्या बदलीचा हुकूम निघाला. हातोदच्या तहसील कचेरीत, एक ग्रेड खाली. त्याच यादीत आणखी काही जण खाली उतरले होते, त्यांच्या घरी कोणी कांदा लावला नव्हता. म्हणून हे कांद्यामुळंच झालं की एरवीही होणारच होतं, ते कळायला मार्ग नव्हता आणि कळणारही नव्हता. क्वार्टर खाली करायची होती. श्रीपाद आला, ट्रंका उघडल्या, भांडी गोणपाटात बांधली, रविवारी मालमोटार ठरवली. "आता ग्वाल्हेर नाही, एक बरं झालं," तो म्हणाला. त्यात कडवटपणा होता की नव्हता, हे तिनं तपासलं नाही.

"मी रविवारी येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पात बुंध्याशी अजून हिरवी आहे. ही वाळेस्तोवर कंद त्यातून खात असतो. आत्ता काढले तर उपाशी राहतील, पुढल्या साली फुलायचे नाहीत. तुम्ही व्हा पुढं. वाळली की मी घेऊन येते."

तो गोणपाटाची सुतळी हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. "हातोदला लोक विचारतील, बायको कुठं आहे. काय सांगू? कांद्यासाठी मागं राहिली म्हणून?"

"हो. तसंच सांगा."

सुतळीला त्यानं एक गाठ मारली, मग दुसरी. खांदे हलले तेव्हा तिला आधी वाटलं तो रडतोय. तो हसत होता, आवाज न करता, बऱ्याच दिवसांनी. "बरं," तो म्हणाला. "तसंच सांगतो."

द्वारकाबाईंनी सामानात आपली ट्रंक चढवू दिली नाही. एवढ्या उन्हात मला त्या मोटारीत हादरे खात यायचं नाही, असं काहीतरी म्हणाल्या, आणि देवांची पेटी मांडीवर घेऊन ओसरीवर बसून राहिल्या. मालमोटार गेली. घरात दोन शेगड्या, दोन अंथरुणं आणि एक पाट उरला. दोघी वेगळं शिजवायच्या आणि वेगळं जेवायच्या. सुहासिनीनं वाफ्याचं पाणी तोडलं होतं. फुलं वाळून कागदासारखी झाली होती, हलवलं की आत काळं बी खुळखुळायचं, आणि पात टोकाकडून बुंध्याकडे हळूहळू पिवळी होत खाली येत होती, कोणाच्याही घाईनं न येता. द्वारकाबाई वाफ्याजवळ कधी गेल्या नाहीत. पण रोज सकाळी ओसरीच्या खांबाला टेकून त्या तिकडे बघत आणि काही न बोलता आत जात.

एका दुपारी कचेरीचा चपराशी फाटकाशी सायकल टेकवून आला. सुहासिनी वाफ्यात गुडघ्यांवर बसलेली होती, हात कोपरापर्यंत मातीत.

"बाईजी, क्वार्टर कब खाली कर रहे हो? नए साब रोज पूछ रहे हैं."

तिनं मान वर केली, पण तिनं तोंड उघडण्याआधीच ओसरीवरून द्वारकाबाईंचा आवाज आला, चढा, शेजारच्या दोन क्वार्टरांपर्यंत जाईल असा.

"प्याज लगे हैं, बोल दे तेरे साब को. पत्ता सूखेगा तब जाएँगे."